काम अडलं तरच

गिऱ्हाइकांकडून परत आलेले सहा कोट नव्या बाईंनी टेबलावर ठेवले आणि खडू उचलला. फळ्यावरच्या ‘परत आलेले’ या शब्दांपुढे त्यांनी आकडा लिहिला. बाईंची एक खोडच होती. लिहिता लिहिता बाहीनं स्वतःचंच लिहिलेलं पुसून टाकायच्या.

“दोन महिन्यांत सदतीस,” त्या म्हणाल्या. “मालक म्हणतात, असंच चाललं तर हातकाम बंद. सगळं यंत्रावर.”

शिवणाऱ्या पाचही जणींनी माना खाली घातल्या. काजूताईंची सगळ्यांत खाली.

काजूताई म्हणजे कोटांना काजं करणाऱ्या आणि बटणं लावणाऱ्या. बावीस वर्षं तेच काम, म्हणून तेच नाव. खरं नाव आठवायला आता नवऱ्यालाही जरा वेळ लागायचा.

त्या बावीस वर्षांत समोरच्या खुर्चीत थोरल्या बसत. थोरल्या म्हणजे आधीच्या मुख्य बाई. शिवून झालेला प्रत्येक कोट त्यांच्या मांडीवर जायचा. नजर खिडकीबाहेर, आणि अंगठा कोटाच्या आतून, टाक्याटाक्यावरून. दोरा संपवताना जिची तिची गाठ वेगळी पडते. थोरल्या नुसत्या गाठीवरून नाव सांगत. काम चोख असलं तर म्हणत, “हं.” बस्स. कौतुकाचा दुसरा शब्द त्यांनी कधी खर्चला नाही. पण त्या ‘हं’साठी पाचही जणी जीव टाकायच्या. घरी जेवायला वाढल्यावरसुद्धा काजूताई कान देऊन उभ्या राहायच्या. तिथून ‘हं’ कधी आलं नाही. ढेकर तेवढी यायची.

निवृत्त होताना थोरल्यांनी दारातच बजावलं होतं, “काम अडलं तरच हाक मारा. नुसती आठवण येते म्हणून मी यायची नाही. आठवणीनं कोट शिवून होत नसतो.”

मग नव्या बाई आल्या. शिकून आलेल्या, शांत, कमी बोलणाऱ्या. थोरल्यांच्या शेजारी आठ दिवस बसून त्यांनी काम समजून घेतलं होतं, तेवढीच ओळख. थोरल्या गेल्यावरही त्या शेजारच्या स्टुलावरच बसत. खुर्ची रिकामी.

“मानाची खुर्ची नको, तर आल्या कशाला?” बाहीवाली फणकारायची. ती बाह्या जोडायची आणि जिभेवरही तिच्या टाचण्याच असायच्या. “आणि टाका तरी घालता येतो का? हातात सुई कुणी पाहिलीय?”

खरंच कुणी पाहिली नव्हती. तपासणी बाईच करत आणि सगळ्या गेल्यावर माल बांधतही त्याच. मदतीला कुणी थांबलं तर म्हणत, “तुम्ही निघा, मी बघते.”

पहिलं बटण काजूताईंनी मुद्दाम अर्धं बोट खाली लावलं. घरी जाऊन त्या जेवल्याही नाहीत. पण काम अडायला तर हवं! पंधरा दिवसांनी एक कोट, जास्त नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. तो कोट नव्या बाईंच्या तपासणीतून सुखरूप बाहेर पडला, तेव्हा मात्र त्यांना रागच आला. थोरल्यांच्या अंगठ्याखालून गेला असता का?

एक गोष्ट तेवढी उमगत नव्हती. आपण बिघडवलेले कोट अवघे चार. मग परत येताहेत ते सदतीस कसे?

“काम अडलंय,” नव्या बाई फळ्याकडे बघतच म्हणाल्या. “त्यांना बोलवावं का?”

“बोलवा की!” पाचही तोंडं एकदम उघडली, आणि एकमेकींकडे बघून तितक्याच घाईनं मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या आल्या. जरा वाळल्या होत्या. खुर्चीत बसल्या आणि खोलीला जणू पुन्हा खांब लागला. नव्या बाईंनी कपाट उघडलं. परत आलेला एकही कोट त्यांनी दुरुस्त करू दिला नव्हता. सदतीसच्या सदतीस घड्या घालून ठेवलेले.

थोरल्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. अंगठा फिरू लागला. एक कोट इकडे, एक तिकडे. हळूहळू लहान लहान ढीग झाले.

“काजू, हे चार तुझे. बटण अर्धं बोट खाली, चारही कोटांत नेमकं अर्धंच. चुकलेला हात इतका मोजून चुकत नाही गं.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं काजूताईंना झालं.

“आणि तू कशाला तोंडाला पदर लावतेस?” थोरल्या बाहीवालीला म्हणाल्या. “हे पाच तुझे. अस्तरवाली, हे तुझे. हे तुझे. आणि हे तुझे.”

“अगं, तूसुद्धा?” काजूताई कुजबुजल्या.

“तुम्ही एकट्याच का आठवण काढणाऱ्या?” बाहीवालीनं नाक ओढलं.

हसावं की रडावं, कुणालाच कळेना. थोरल्यांच्या मांडीवर अजून एक ढीग उरला होता, सगळ्यांत मोठा. त्यांचा अंगठा एका गाठीवर थांबला. पुढच्या कोटातल्या गाठीवर थांबला. त्याच्या पुढच्याही. त्यांनी नजर पहिल्यांदाच हातातल्या कोटाकडे वळवली.

“ही गाठ तुमच्यातल्या कुणाचीच नाही,” त्या म्हणाल्या. “डाव्या हातानं उलटी फिरवलीय. पण काय पक्की बसलीय!”

अंगठा तिच्यावरून पुन्हा एकदा, सावकाश फिरला.

“हं.”

फळ्यापाशी नव्या बाई सगळ्यांकडे पाठ करून उभ्या होत्या, आणि सदतीसचा आकडा डाव्या हातानं पुसत होत्या.