जावयाच्या नावाचा मासा

खोल समुद्रातल्या प्रवाळांवरचे मासे मोजायला सासूबाई पाणबुडीतून निघाल्या. पाणबुडी जावई चालवत होता. घर मिळेपर्यंत चार दिवस म्हणून तो त्यांच्याकडे राहायला आला, त्याला आता चार वर्षं झाली होती.

जसजसं खाली जावं तसतसे मासे बदलत होते. पिवळे-निळे वरच राहिले, खाली लालबुंद दिसू लागले. एक करडा मासा मात्र प्रत्येक खोलीवर काचेपाशी हजर होता.

"जावईबापू, याला मी तुमचं नाव देणार!"

जावई हरखला. मग त्याने काचेतून नीट निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"आई, हा एकच मासा आहे. निघाल्यापासून आपल्याला चिकटून फुकट फिरतोय."

सासूबाईंनी शांतपणे चष्मा पुसला.

"म्हणून तर."