जाड की पातळ

"आई म्हणतेय, जाडच हवा," मुलगी पडदेवाल्याला म्हणाली.

आई असं काहीच म्हणाली नव्हती. तिने चिमटीत पांढरं जाळीदार कापड धरलं होतं आणि हातांनी स्वच्छ सांगितलं होतं: हेच घे, यातून रस्ता दिसतो. पण आईला ऐकू येत नाही, बाबांनाही येत नाही, आणि पडदेवाल्याला त्या दोघांच्या हातांची भाषा येत नाही. अशा ठिकाणी दुभाष्याचं राज्य. मुलगी बोलायला लागल्यापासून या घराची दुभाषी होती. दवाखान्यात, बँकेत, शाळेतल्या बाईंसमोर, सगळीकडे तिने शब्दाला शब्द पोचवला होता. खोटं ती आज पहिल्यांदा बोलली, तेही पडद्यापायी. आईची नजर कापडावर होती, म्हणून ते खपून गेलं.

जुन्या घराची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडायची. आईबाबांच्या घरातल्या गप्पा त्या भिंतीशिवाय कुणी पाहिल्या नव्हत्या. नवं घर तळमजल्यावर, हक्काचं, आणि खिडकी थेट रस्त्यावर. आईला तर लॉटरीच लागल्यासारखं झालं. दूधवाला आला, शेजारीण बोलावतेय, पोरगी कामावरून परतली, सगळं तिला बसल्या जागी कळायला लागलं. संध्याकाळी दिवा लावून ती आणि बाबा खिडकीशी गप्पा छाटत बसायचे. पहिल्याच आठवड्यात शाळेतून परतणारी पोरं बाहेर थांबली आणि आईच्या हातांची नक्कल करायला लागली. आई हसून त्यांनाच हात करत राहिली. मुलीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून तिने एकच धोशा लावला होता, पडदे घ्या.

पडदेवाला मोठा हौशी माणूस. कापड नुसतं टेबलावर पसरून विकणं त्याला पटायचं नाही. दुकानाच्या दर्शनी काचेमागे त्याने एक दांडा बसवला होता. त्यावर तो कापड टांगायचा आणि गिऱ्हाइकाला बाहेर फुटपाथवर पिटाळायचा. "आतून काय, सगळेच पडदे छान दिसतात. बाहेरून बघा!"

त्याने जाड तपकिरी कापड टांगलं. आई बाहेर गेली आणि दिसेनाशी झाली.

"बघा, मुंगीसुद्धा दिसायची नाही," पडदेवाला खुशीत म्हणाला. मुलीला हायसं वाटलं. बाबा त्या तपकिरी कापडापाशी गेले. त्यांनी हळूच त्याची कड सरकवली आणि बायको पलीकडे आहे ना, ते बघून घेतलं. मुलीला कसंसंच झालं.

"आता ते पातळही लावतो. मनात शंका नको."

पांढरं कापड वर चढलं आणि पलीकडे आई उभी. लगेच तिचं बोलणं सुरू झालं, काचेतून, पडद्यातून, भर रस्त्यावरून. मधे कापड होतं म्हणून हात जरा मोठे करून. बाबांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला, आईच्या हातांकडे बोट दाखवलं आणि खो खो हसले. त्यांचं हसणं गडगडाटी. ते केवढं मोठं आहे हे त्यांना कधी कळलेलंच नाही. फुटपाथवरची माणसं थबकली. दुकानातल्या माना वळल्या. मुलीचे कान तापले. आता पुढचा प्रश्न तिला तोंडपाठ होता: जन्मापासूनच असे आहेत का हो?

उशांचे अभ्रे निवडणाऱ्या एक बाई तिच्याकडे सरकल्याच.

"काय म्हणाल्या गं त्या?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.

"आई म्हणाली," तिने चाचरत सांगितलं, "पडदा खिडकीला घ्यायचाय की तुमच्या पोटाला? इथून आधी तेच दिसतंय. आणि बाबा म्हणाले, पोट माझं असलं तरी करणी तुझ्या हातांची."

बाई इतक्या हसल्या की त्यांना कापडाच्या गठ्ठ्यावर टेकावं लागलं. "अगं बाई! आमच्या ह्यांना हेच सांगायला मी कधीची शब्द शोधतेय!" पडदेवाल्याने गळ्यातली टेप नकळत स्वतःच्या पोटाभोवती धरून पाहिली. मागून कुणीतरी विचारलं, "आता काय म्हणताहेत?"

मुलगी सांगायला लागली. बाहेरून आई बोलत होती, आतून बाबा टोले परतवत होते, आणि ती मोठ्याने सगळ्यांना ऐकवत होती, शब्दाला शब्द. दुकान हसत होतं, आणि हसत होतं ते आईच्या बोलण्याला. अशी फटकळ, अशी रसाळ आई आपल्या वाट्याला आली आणि आपण तिला झाकायला कापड शोधत फिरतोय! मुलीला स्वतःचा राग आला, आणि त्याहून कितीतरी जास्त त्या दोघांचा अभिमान वाटला. इतका की पुढचं वाक्य तिने आणखी मोठ्याने सांगितलं.

आई आत आली. पडदेवाल्याने कात्री उचलली. "मग ताई, जाडच कापू ना?"

"पातळ," मुलगी म्हणाली. "आईला पहिल्यापासून पातळच हवाय. मीच चुकीचं सांगितलं."

पडदेवाल्याने कात्री तशीच धरली. "एक सांगून ठेवतो हं, मागून तक्रार नको. संध्याकाळी आत दिवा लागला की यातून रस्त्यावरच्यांना सगळं दिसतं."

मुलगी आईबाबांकडे वळली आणि साऱ्या दुकानासमोर तोंडाने आणि हातांनी एकदमच बोलली.

"दिसू दे. नाहीतर आमचं बोलणं लोकांना ऐकू कसं जाणार?"