रेणुकाबाईची वायर

“रंगीत पडदा नको,” रेणुकाबाई म्हणाली. “काळापांढरा चालते. पण मशिनी दोन पायजेत.”

महिपतने पाटी ओढली आणि खडूने लिहिलं, ‘काऊन?’

“अन् दोन्ही वायरीनं जोडायच्या.”

गुडीहत्नूरच्या बसस्टँडसमोर महिपतचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या दोन खोल्यांत नवरा-बायकोचा संसार. शहाण्णव साली त्याने घरी कॉम्प्युटर करायचं मनावर घेतलं. तयार नाही, सुटे भाग आणून स्वतः जोडायचा. लग्नपत्रिका, पावत्या, शाळेच्या प्रश्नपत्रिका छापून द्यायच्या. त्याला रंगीत पडदा हवा होता, मोठी डिस्क हवी होती. पण टाइप करायला बसणार होती रेणुकाबाई, त्यामुळे तिचा शब्द खाली पडू देता येत नव्हता.

तिला ऐकू येत नव्हतं. क्षयाच्या इंजेक्शनांनी छाती बरी झाली आणि कान गेले. बोलता येत होतं. पण आपला आवाज केवढा निघतो ते तिचं तिला कळत नसे. लोक दचकून बघत. म्हणून ती बोलणं गिळू लागली. घरात पाटी आली. महिपत माणूस चांगला. ‘पाहुणे येतील’, ‘गोळी घे’, ‘आदिलाबादले चाललो’ असं तो पाटीवर लिही आणि तिने काही विचारायच्या आत तळहाताने पुसून गिऱ्हाइकाकडे वळे. शेजारपाजारच्या बायकाही आताशा नुसत्या हसत, पाठीवरून हात फिरवत आणि निघून जात.

आदिलाबादला भाचीच्या क्लासमध्ये तिने एक गोष्ट बघितली होती. दोन पोरी दोन कॉम्प्युटरसमोर एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. एक लिही, ते दुसरीच्या पडद्यावर उमटे. दोघींच्या तोंडातून शब्द नव्हता, पण हसून हसून खुर्च्या हलत होत्या. त्या दिवसापासून रेणुकाबाईच्या डोक्यातून वायर गेली नाही.

मग रंगीत पडदा गेला. मोठ्या डिस्कच्या जागी दोन लहान, जुन्या डिस्का आल्या. हैदराबादच्या विकणाऱ्याने इंग्रजी सगळं भरून दिलं. मराठी अक्षरांची फ्लॉपी वेगळी घ्यावी लागेल म्हणाला. महिपतने पाटीवर लिहिलं, ‘सध्या इंग्रजीवर भागव.’

“मी इंग्रजीत कायले बोलू?” रेणुकाबाई म्हणाली. फ्लॉपी आली.

दोन्ही मशिनी सुरू झाल्या. एक दुकानात, एक मागच्या खोलीत. महिपतकडे टीव्हीच्या काळ्या वायरीचं वेटोळं पडून होतं, तेच त्याने मधे लावलं. पण ह्या मशिनीला त्या मशिनीचा पत्ता लागेना. त्याने मशिनीतलं वायरीचं कार्ड काढून बसवलं, जोड घासले, पुन्हा बसवलं. काही नाही. शेवटी त्याने लिहिलं, ‘वायरीचा नाद सोड. पत्रिकेले एक मशीन पुरते.’ आणि पाटी पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कामासाठी बोथ गावाला गेल्यावर रेणुकाबाईने वायरीचा एक तुकडा कापला, पाटी-खडू पिशवीत टाकला, शेजारच्या मथुराबाईला “नागपूरले जाऊन येतो” म्हणून सांगितलं आणि बसमध्ये बसली. कान गेल्यापासून ती एकटी कुठे गेली नव्हती.

नागपूरच्या दुकानदाराचे ओठ भराभर हलले. तिने काउंटरवर तुकडा ठेवला, शेजारी पाटी ठेवली. “मले ऐकू येत नाही. लिवा.”

त्याने लिहिलं, ‘ही टीव्हीची. नेटवर्कची वायर वेगळी येते. शिवाय दोन्ही टोकं टोपण लावून बंद करावी लागतात, नाहीतर चालत नाही.’

“टोपण कसं बसवायचं ते दाखवा,” ती म्हणाली. त्याने दाखवलं. तिने त्याच्यासमोर स्वतः बसवून पाहिलं, तेव्हाच नवी वायर आणि टोपणं पिशवीत घातली.

रात्री बस गुडीहत्नूरला थांबली तेव्हा महिपत स्टँडवरच उभा होता. तिला पाहताच तो धावत आला. हात उडवून तो काहीतरी ओरडत होता, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग त्याचे हात खाली आले. तिने पिशवीतून पाटी काढून दिली. खडू घेऊन त्याने लिहिलं, ‘जेवली का?’

सकाळी नवी वायर भिंतीतून ओवली. टोपणं रेणुकाबाईनेच बसवली. महिपत दुकानातल्या मशिनीसमोर बसला, ती मागच्या खोलीत. पडद्याचे दोन भाग झाले. वर आपलं, खाली समोरच्याचं. खाली एकेक अक्षर उमटू लागलं.

‘दिसते का?’

‘दिसते.’

मग, ‘न इचारता नागपूरले काऊन गेली?’

‘इचारलं असतं तं जाऊ देल्लं असतं का?’

‘नसतं देल्लं.’

‘म्हनून नाही इचारलं.’

‘रस्त्यात काही झालं असतं तं? इथं माझा जीव टांगणीले लागला होता. डोकं हाये का ठिकाणावर?’

‘तुमचं होतं तं टीव्हीची वायर काऊन लावली?’

दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं. महिपत उठून मधल्या दारापर्यंत आला, तिच्याकडे डोळे वटारून बघितलं, पण तोंडाने सांगून उपयोग नव्हता. तसाच मागे फिरला आणि पुन्हा बटणांवर तुटून पडला. खाली अक्षरांमागून अक्षरं धावत आली. तिच्या माहेरच्यांचा हट्टीपणा, तिची ताठ मान, तिचं न ऐकणं, सगळं निघालं. पुसायला तळहात पुरणार नव्हता. रेणुकाबाईने पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली. उत्तर लिहिता लिहिता तिचे डोळे भरून आले आणि पडदा दिसेनासा झाला, तरी बोटं थांबली नाहीत.

कान गेल्यापासून तिच्याशी कोणी भांडलंच नव्हतं.