तार काढल्यावर

लोहाऱ्याच्या उन्हात, कुलरसमोर ठेवून जगवलेल्या जपानी मेपलच्या कोवळ्या फांदीवरची तार योगीराजनं आज जपून कापून काढली. फांदी वाकलेली होती, ती वाकलेलीच राहिली.

"आता मोकळी केली तरी सरळ होत न्हाय व्हय?" त्याच्या बायकोनं, कमलबाईनं विचारलं.

"न्हाय. सात-आठ महिने बांधली की तिला तेच वळण पडतं. बोन्साय असंच करत्यात." योगीराज लई खुशीत होता. "बरं, तू बहिणीकडं जायचं म्हणत होतीस ना? जा की आठ दिवस. आई होती तवर गोष्ट वेगळी होती. आता तुला कोण अडवतंय?"

लग्नाला तीस वर्षं झाली होती. असं तो पहिल्यांदाच म्हणाला. त्याचं मन बदलायच्या आत कमलबाईनं दोन साड्या पिशवीत कोंबल्या आणि येरमाळ्याची एसटी धरली.

बहीण नवरा गेल्यापासून एकटीच राहायची. तिनं हौसेनं धपाटे लावले, दोन ताटं वाढली आणि म्हणाली, "बस गं, गरम हायेत तवर खा."

कमलबाईचा हात ताटाजवळ जाऊन थांबला.



"गडीमाणसं जेवली का?"