बिनबटणाचा दिवा

नवऱ्याचा तो फोन हातात घ्यायचीही तिला किळस यायची. जुन्या फोनच्या डोक्यावर त्याने स्वतःच एक पांढरा एलईडी बसवला होता. भोवती पिवळट गोंदाचे ओघळ, त्यावर चिकटपट्टी, आणि सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेलं. त्यापेक्षा पिकलेलं गळू बरं. आणि एवढं करून दिव्याला बटणच नव्हतं.

"मग लागतो कसा?" तिने विचारलं होतं.

"लागतो," म्हणून तो हसला होता.

लग्नाआधी तो गटारात उतरायचा. तो वास घरात येणार असेल तर मी येणार नाही, असं तिने बजावल्यावर त्याने वरचं काम मागून घेतलं. काठावर उभं राहून हजेरी लिहायची. बदल्यात त्याचा एकच हट्ट होता. रोज अकराला तिने तीन-चारदा फोन करायचा आणि रिंग शेवटपर्यंत वाजू द्यायची. साहेबांसमोर उचलता येत नाही, पण तुझी रिंग आली की बरं वाटतं, म्हणाला.

दोन महिने तिलाही बरं वाटलं. मग तो अंगाला गुलाबाचा वास घेऊन घरी यायला लागला. घरातला साबण लिंबाचा होता.

लाँड्रीत शेजारच्या टेबलावर इस्त्री करणाऱ्या मावशींना तिने हे सांगितलं. त्यांनी शर्टाची कॉलर उलटली आणि म्हणाल्या, "कामावरून न्हाऊन येणारा नवरा मी तरी नाही बघितला बाई. आणि तू रिंग देतेस. तिकडे दोघं बसून ऐकत असतील."

त्या रात्री त्याचा हात खांद्यावर पडला आणि तिने तो झटकून टाकला. लोकांचे मळके कपडे ती रोज उपसायची, पण दुसरीच्या मोरीत न्हाऊन आलेलं हे अंग तिला सोसवेना. याच्यापेक्षा गटार परवडलं.

सकाळी तिने बॅग भरली. संध्याकाळी येते, असं भावाला कळवलं. फक्त एकदा डोळ्यांनी बघायचं राहिलं होतं. अर्धी सुट्टी टाकून ती त्याच्या कामावर गेली. मुकादमाने मागची गल्ली दाखवली.

गल्लीत बाई नव्हती. गटाराचं झाकण उघडून बाजूला ठेवलेलं होतं, आणि काठाशी पाय रोवून दोन्ही हातांनी दोर धरलेला एक माणूस. घाण अशी की तिने नाक दाबलं आणि भिंतीआड उभी राहिली. अकरा वाजले होते. कुठल्या घरातून वाजतोय ते तरी कळेल, म्हणून तिने फोन लावला.

रिंग जमिनीखालून आली. गटाराच्या भोकातून पांढरा उजेड वर आला.

तिने घाईघाईने फोन कट केला. भोक काळं झालं.

"झालं का रे?" दोरवाल्याने वाकून विचारलं.

"नाही. दोर सोडू नकोस, काही दिसत नाहीये," खालून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. "थांब जरा. ती परत करते."