गप्प बसलेला स्टँड

तो मैदानावर आला तेव्हा उत्तरेकडच्या स्टँडमध्ये कुणी शिंकलंसुद्धा नाही.

आठ हजार माणसं उभी होती. पहिल्या रांगेत कठड्याला टेकून वेल्डर आणि त्याच्या शेजारी त्याचा मेहुणा. कठड्याला एक जाड पत्रा तारेने बांधलेला होता. सात वर्षं या पोराने डोक्याने गोल मारला की वेल्डर त्या पत्र्यावर हातोडा घालायचा आणि मग सगळा स्टँड त्याच्या नावाने ओरडायचा. खरं नाव कुणी घेत नसे. टाळक्या म्हणायचे. आज पत्र्यावर जुनं ब्लँकेट टाकलेलं होतं.

क्लबने सोमवारी कळवलं होतं. डोक्याला वारंवार मार बसल्यामुळे त्याचं डोकं आता रोज दुखतं. डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद करायला सांगितला आहे. रविवारी सामन्याआधी तो मैदानाला एक फेरी मारून निरोप घेईल.

"सव्विसाव्या वर्षी रिटायर," मेहुणा कुजबुजला. "मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अजून गोण्या उचलतोय, दाजी."

"तुझं डोकं वापरात नाही, म्हणून टिकलंय."

मेहुण्याला हसू आलं. त्याने तोंडावर हात दाबून धरला.

गप्प राहायची कल्पना वेल्डरचीच. काम सुटलं की तो तिकीट खिडकीशी जाऊन उभा राहायचा आणि येईल त्याला सांगायचा, ढोल नको, शिट्टी नको, टाळीसुद्धा नको. पहिल्या दिवशी लोकांनी त्याला वेड्यात काढलं. काहींचा पोरावरच राग होता. कप तोंडाशी आला आणि हा निघाला, म्हणत होते. वेल्डर वाद घालत बसला नाही. डोकं दुखणाऱ्या माणसाजवळ नुसता चमचा खाली पडला तर त्याचं काय होतं, एवढंच त्याने एकेकाला सांगितलं. बायकोच्या आजारपणात वर्षभर त्याने ते घरात पाहिलं होतं. मेहुण्यानेही पाहिलं होतं, ती त्याची सख्खी बहीण. ती गेली त्याला आता दीड वर्ष झालं. आता घरात कितीही चमचे पडले तरी चालत होतं.

बाकीच्या तीन स्टँडमधून टाळ्या येत होत्या. पोरगा हात वर करत, सावकाश चालत येत होता. अंगात साधा शर्ट, पायात साधे बूट. उत्तरेच्या कोपऱ्यावर आल्यावर त्याची चाल मंदावली. त्याने वर पाहिलं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळी तोंडं बंद. त्याचा वर केलेला हात खाली आला.

तो स्टँडसमोर थांबला. मान खाली घातली. ओठ हलले. माफ करा, एवढंच म्हणाला.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "त्याला वाटतंय आपण रागावलोय."

या स्टँडच्या गप्प बसण्याचा एकच अर्थ होता. दोन वर्षांपूर्वी संघाने घरच्या मैदानावर पाच गोल खाल्ले, तेव्हा हीच माणसं शेवटची वीस मिनिटं तोंड शिवून बसली होती. त्यापेक्षा शिव्या परवडल्या, असं नंतर हाच पोरगा म्हणाला होता. चार दिवस ज्याला त्याला समजावत फिरताना वेल्डरला हे आठवलं नव्हतं. आठ हजारांत कुणालाच आठवलं नव्हतं.

"मारा एक पत्र्यावर," मेहुणा म्हणाला. "हळूच."

"हातोडा हळूच कसा मारतात?"

पोरगा वळला होता. दोन पावलं गेलाही होता.

वेल्डर कठड्यावरून जेवढं वाकता येईल तेवढं वाकला. ओरडला नाही. वर्षभर घरात ज्या आवाजात बोलला होता त्याच आवाजात बोलला.

"रागावलं नाही रे कुणी. तुझं डोकं दुखतंय, म्हणून गप्प आहोत."

एव्हाना बाकीच्या स्टँडमधल्या टाळ्याही थांबल्या होत्या. एवढ्या शांततेत ते खालपर्यंत पोचलं. पोरगा थांबला.

"घरी गेलास की पडदे लावून घे," वेल्डर म्हणाला. "कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेव. सुकली की बदलून घे, तशीच ठेवू नकोस."

"दुपारचं झोपत जा," मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली.

"फोन बघत बसू नकोस."

"जेवण चुकवू नकोस. उपाशी पोटी जास्त दुखतं."

वरच्या रांगांतूनही माणसं बोलायला लागली. कुणी आवाज चढवला नाही. शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं, तशी आठ हजार माणसं बोलत होती. काय बोलतात ते खाली कळत नव्हतं. पण पोरगा मान वर करून ऐकत होता आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता.

मग तो कठड्याखाली येऊन उभा राहिला. आता फक्त पहिल्या रांगेला ऐकू जाईल एवढंच अंतर होतं.

"काका," त्याने विचारलं, "थांबतं का हो हे दुखायचं?"

वेल्डर पत्र्यावरचं ब्लँकेट नीट करू लागला.

मेहुणा त्याच्या शेजारून खाली वाकला.

"थांबतं," तो पोराला म्हणाला. "आमच्या घरात पाहिलंय."