मंत्री शेन यांचा अर्ज

ऋता सोफ्याच्या पाठीवर चढून बसली. ते सिंहासन. डोक्यावर पिवळ्या कार्डपेपरचा मुकुट होता आणि त्याला लटकवलेले मणी सारखे तिच्या नाकावर येत होते.

"मंत्री शेन, पुढे या," ती म्हणाली. शुक्रवारी शाळेत नाटुकलं होतं, आणि त्यात ती चीनचा सम्राट होती. मंत्री होणारी मैत्रीण तापाने घरी होती, म्हणून आज आजोबा मंत्री.

मनोहररावांनी चष्मा सारखा केला. कागदावरचं इंग्रजी ते मनातल्या मनात मराठीत आणून बोलू लागले. "महाराज, मी खेड्यातला मुलगा. परीक्षेत तीनदा नापास झालो, चौथ्यांदा पास. अडतीस वर्षं चाकरी केली. नद्यांना बांध घातले, दुष्काळात धान्य वाटलं, आणि एकेक पायरी चढत तुमच्या शेजारी येऊन उभा राहिलो. आता दात पडले. माझी हाडं मला परत द्या."

"ईऽऽ! हाडं कशाला?"

"राजीनामा असाच लिहायचे ते. नोकरीला लागला की माणूस सगळाच्या सगळा राजाचा. म्हातारपणी मागून मागणार काय? उरलेली हाडं. गावाकडे न्यायला."

ऋताने क्षणभर विचार केला आणि मान ताठ केली. "नो. यू कॅनॉट गो, लाह," ती इथल्या शाळेतल्या बोलीत म्हणाली.

"अगं, हाकलल्यासारखं नको. जरा मायेने म्हण. लगेच हो म्हटलं तर त्याचा अर्थ, जा, तुमची इथे कुणाला गरज आहे? नाही म्हणणं हा मान असतो."

"मग बिचारे जाणार कधी?"

"पुन्हा अर्ज करायचा. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा आला की सम्राटाने समजायचं, हा मनापासून मागतोय. तुझ्या बाईंनीही तसंच लिहिलंय बघ."

"बाबा, तुमचा पासपोर्ट कुठे आहे?" जेवणाच्या टेबलावरून प्रबोधने विचारलं. त्याच्यासमोर लॅपटॉप उघडा होता. वडिलांच्या व्हिजिट पासची, म्हणजे या परदेशात राहण्याच्या परवान्याची, मुदत संपत आली होती. आणखी दोन वर्षांचा फॉर्म आज रविवारी भरून टाकायचा, असं त्याने ठरवलं होतं.

"कपाटात, वरच्या खणात. प्रबोध, मी काय म्हणतो..."

"बाबा, झालंय आपलं बोलून. कराडला एकटे कसे राहणार? गुडघ्याचं हे असं. इथे लिफ्टने खाली उतरलं की समोर दवाखाना."

"बरं," मनोहरराव म्हणाले आणि कागदाकडे वळले.

खिडकीसमोरून एलआरटीची छोटी रेल्वे गेली. आतल्यांना कुणाच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून घरांजवळ येताच तिच्या काचा नेहमीसारख्या धूसर झाल्या.

"सेकंड टाइम," ऋताने फर्मावलं.

"महाराज, इथे मला कशाचीच कमतरता नाही. जेवण गरम मिळतं, गोळ्या वेळेवर मिळतात. पण दिवसभरात मला कुणी काही विचारत नाही. तिकडे संध्याकाळी पाच-सहा पोरं गणिताच्या वह्या घेऊन ओट्यावर यायची. भागाकार अडला की माझ्याकडेच यायची."

ऋताने आपल्या कागदावर बोट फिरवलं. वरून खाली, पुन्हा वरून खाली. "आजोबा, हे माझ्याकडे नाही."

"नाही का? मग ओळ चुकली असेल."

ती सोफ्यावरून खाली घसरली. "तुम्ही बाबाला विचारलंत?"

"विचारलं की."

"किती टाइम्स?"

मनोहररावांनी बोटं मोजली. "पाच. गणपतीतलं धरलं तर सहा."

"बाबा! सिक्स! सम्राटाला पण दोनदाच नो म्हणायला अलाउड आहे!"

"ऋता, हे नाटक नाहीये."

"आय नो." तिने मुकुट काढून हातात घेतला. मग तिचा आवाज खाली आला. "तू नो म्हणालास, म्हणजे तुला ते हवेत. ते आजोबांना कळलं, बाबा. सहा वेळा कळलं."

प्रबोध पुन्हा लॅपटॉपकडे वळला. फॉर्मचं शेवटचं पान समोर होतं. तो ते बराच वेळ वाचत राहिला, पण त्यात वाचण्यासारखं तर काहीच नव्हतं. मनोहररावांनी नातीला डोळ्यांनी खुणावलं, पुरे आता.

"बाबा," प्रबोध स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "तिकडचा गॅस अजून आईच्याच नावावर आहे का?"

मनोहररावांना आधी प्रश्नच कळला नाही. "हो. बदलायचा राहिला."

"मग उद्या एजन्सीला फोन करू. पोचल्या पोचल्या चहा तरी करता आला पाहिजे तुम्हाला." त्याने लॅपटॉप मिटला. "आणि तीन महिन्यांनी मी येऊन बघणार. त्याला नाही म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," मनोहरराव म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने उगाच पुसत बसले.

ऋता दोघांकडे आळीपाळीने बघत होती. जरा वेळाने ती पुन्हा सोफ्याच्या पाठीवर चढली आणि मुकुट डोक्यावर ठेवला. आता तिसरा अर्ज वाचायचा होता. त्यानंतर सम्राटाची ओळ होती, एकाच शब्दाची.

"मंत्री शेन," ती म्हणाली, "हळू वाचा."